खराटा बाबांचा, वास्तू लोकांची

वऱ्हाडात पौष महिना लागला की पूर्णेच्या काठावरील ऋणमोचन गावाकडे यात्रेकरूंची पावले वळू लागतात. अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यातील या लहानशा गावी पौषातल्या रविवारी मुद्गलेश्वराची यात्रा भरते. नदीत स्नान करावे, देवाचे दर्शन घ्यावे आणि ऋणातून मुक्त व्हावे, अशी येथे येणाऱ्यांची श्रद्धा. आज घाटाच्या पायऱ्या उतरून सहज पाण्यापर्यंत जाता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र येथे पायरी नव्हती. होती ती काळ्या मातीची निसरडी दरड. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या बाया या चिखलातून घसरत, पडत नदीपर्यंत पोहोचत. पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालले होते आणि यात्रा म्हटली की हाल व्हायचेच, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर अशा वेषातील एका तिशीच्या तरुणाने ते गृहीत धरले नाही. कोणी सांगितले नसताना त्याने हाती कुदळ-फावडे घेतले आणि दरड खणायला सुरुवात केली. बघ्यांपैकी काही हसले, काही बघत राहिले आणि काही त्याच्या बरोबरीने मातीत उतरले. १९०८ मध्ये ऋणमोचनला पूर्णेवर घाट उभा राहिला तो या उतरलेल्या माणसांच्या बळावर. पुढे अवघ्या महाराष्ट्राने ज्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखले, त्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांच्या लोककार्याची ही पायाभरणी होती.

बाहेरून आलेल्या एका माणसाने गावासाठी राबावे, हे नवलाचे नाही. राबता राबता ते काम गावाचे होऊन जावे आणि पूर्ण झाल्यावर राबणाऱ्याने आपला खराटा उचलून पुढच्या गावाची वाट धरावी, हे मात्र विरळा. गाडगेबाबांनी आयुष्यभर नेमके हेच केले. आज ग्रामविकासात लोकसहभागाची चर्चा सर्वत्र होते. शाळा-महाविद्यालयांतील तरुण श्रमदानासाठी खेड्यांत जातात. अशा वेळी अक्षरओळखही नसलेल्या या वऱ्हाडी माणसाने ही पद्धत कशी घडवली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

शेंडगाव ते दापुरे

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घर तसे खाऊनपिऊन सुखी. परंतु झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने घर पोखरले. शेती गेली, गुरे गेली, प्रकृतीही गेली. डेबू अवघा आठ वर्षांचा असताना वडिलांचे छत्र हरपले. दारू, नवस आणि कर्ज या तीन गोष्टींवर बाबांनी पुढे कीर्तनांतून जो प्रहार केला, त्यात ऐकीव उपदेश नव्हता. आपल्याच घराची राखरांगोळी त्यांनी पाहिली होती.

सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आल्या. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या आधाराने डेबू वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखावीत, गुराख्यांच्या मेळ्यात भजने म्हणावीत, थोडे मोठे झाल्यावर नांगर धरावा, असे त्याचे दिवस गेले. राबण्यात त्याची बरोबरी करणारे गावात फार थोडे होते.

हा सारा टापू पूर्णेच्या खोऱ्यातला. जमीन काळीभोर आणि कसदार, पण पोटातले पाणी खारे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर या भागाला आजही खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीचे पाणी पिण्याला चालत नाही आणि पिकालाही मानवत नाही. त्यामुळे सगळी भिस्त पावसावर. त्यात वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि तेजीच्या भरात काढलेली कर्जे मात्र डोक्यावर राहिली. सावकाराच्या वहीत शिरलेली जमीन पुन्हा कुणब्याच्या हाती येणे दुरापास्त झाले. डेबूजी वाढले ते याच काळात.

चंद्रभानजी मामाही या चक्रातून सुटले नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे, हे न कळताच व्यवहार होत गेले आणि जमीन सावकाराच्या घशात गेली. या धक्क्याने मामा खचले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजींनी शेतातच त्यांचा सामना केला आणि त्यांना परतवून लावले, अशी हकिकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. अक्षरशत्रू माणूस कसा नागवला जातो, हे डेबूजींनी त्या वेळी ओळखले. पुढे आयुष्यभर ते ज्या तळमळीने मुलांना शाळेत घाला म्हणून विनवीत राहिले, तिचे मूळ दापुऱ्याच्या या शेतात आहे.

बारशाचे जेवण

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. संसार सुरू झाला, मुले झाली. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे, ही त्या काळची रीत होती. त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी बेहत्तर. पंगत चुकता कामा नये. डेबूजींनी ही रीत मोडली. त्यांनी पाहुण्यांना गोडाधोडाचे साधे जेवण वाढले. जातभाई रागावले, कुजबुज झाली. पण डेबूजी बधले नाहीत. समाजसुधारणेवर व्याख्यान देण्याआधी ती स्वतःच्या ओसरीवर करून दाखवायची, ही त्यांची पद्धत तेव्हापासूनची.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाडाचे कंबरडे मोडले, तेव्हा डेबूजी तेविशी-चोविशीत होते. त्यानंतर पाच वर्षांनी, १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. मागे आई, पत्नी आणि मुली होत्या. पुढे कोणताही मठ, गुरू किंवा संप्रदाय नव्हता. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक मडक्याचे खापर घेऊन हा माणूस गावोगाव फिरू लागला. ते खापर ऊन लागले की डोक्यावर, भूक लागली की हातात. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि अंगावर चिंध्यांची गोधडी असा त्यांचा वेष होता. कोठे ते गोधडेबुवा झाले, कोठे चिंधेबुवा, तर कोठे लोटके महाराज.

आधी काम, मग भाकरी

गाडगेबाबांच्या भ्रमंतीला एक क्रम होता. गावात शिरताच ते पाटलाच्या वाड्यावर किंवा देवळात जात नसत. गावाच्या तोंडाशी पडलेला उकिरडा, तुंबलेली गटारे, विहिरीभोवतीचा चिखल ते आधी पाहत आणि खराटा घेऊन झाडू लागत. कोणाची लाकडे फोडून दे, कोणाच्या शेतात राबून दे, असे काम केल्यावरच ते भाकरी मागत. काम न करता मिळालेले अन्न त्यांना नको असे. भाकरीही ते त्या खापरात घेत आणि बाजूला बसून खात.

एक अनोळखी माणूस आपल्या दारासमोरची घाण काढतो आहे, हे पाहिल्यावर गावकऱ्यांना अवघडल्यासारखे होई. दुपारपर्यंत चार पोरे, सायंकाळपर्यंत निम्मा गाव हाताला हात लावू लागे. गाव स्वच्छ झाले की रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर कीर्तन रंगे. दिवसा झालेल्या कामाचा अर्थ रात्री उलगडून दाखवला जाई. बाबांचे कीर्तन हा एका अर्थी ग्रामसभेचाच प्रकार होता.

त्या कीर्तनाचा बाजही निराळा. पंडिती निरूपण नाही, संस्कृत वचनांचा भडिमार नाही. अस्सल वऱ्हाडी बोलीत बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. देवाला बकरे कापून तो प्रसन्न होतो का, कर्ज काढून लग्न केल्याने प्रतिष्ठा वाढते का, माणसाला शिवल्याने माणूस बाटतो का, असे प्रश्न गर्दीत जाऊन पडत. हजारोंचा समुदाय एका सुरात उत्तर देई आणि आपणच दिलेल्या उत्तराने अंतर्मुख होई. हंशा पिके, टाळ्या वाजत आणि मधूनच गोपाळाच्या नावाचा गजर होई. खर्चात काटकसर करावी, प्रसंगी ताट-वाटी विकावी, पण मुलांना शिकवावे, हा त्यांच्या प्रत्येक कीर्तनाचा गाभा असे.

कीर्तन संपताच लोक पाया पडायला धावत. बाबा मात्र काठी उगारून त्यांना दूर ठेवत आणि अंधारात निघूनही जात. त्यांनी कोणाला मंत्र दिला नाही, कोणाला शिष्य केले नाही आणि कोणाला आपल्या पायावर डोके ठेवू दिले नाही. लोक आपल्या पायाशी गुंतले तर हातातले काम तसेच पडून राहील, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

धर्मशाळा आणि विश्वस्त

ऋणमोचनच्या घाटानंतर बाबांच्या कामाची व्याप्ती वाढत गेली. जेथे गरीब माणूस उघड्यावर पडलेला दिसेल, तेथे निवारा उभारायचा, हा त्यांचा निकष होता. १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. आषाढी-कार्तिकीला पायी चालत येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना त्या काळी पंढरीत डोके टेकायला जागा नव्हती. विठ्ठलाच्या मंदिराचे दरवाजे त्यांना उघडले गेले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या ३० वर्षे आधी गाडगेबाबांनी या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घातले होते. स्वतः बाबा वारीला नेमाने जात. परंतु त्यांचा वेळ दर्शनाच्या रांगेत नव्हे, तर चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यात जाई.

या धर्मशाळांना जातींची नावे होती, हे आज काहींना खटकेल. पंढरपुरात मराठा धर्मशाळा होती, परीट धर्मशाळाही होती. एकत्र पंगत घालणारा आणि शिवाशिव झिडकारणारा हा कीर्तनकार जातवार इमारती कशा बांधतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या समाजात जेवढा निधी आणि जेवढे मनुष्यबळ उभे राहू शकत होते, तेथून काम सुरू करावे, असा व्यवहार त्यामागे दिसतो. जातीचा अभिमान मोडण्याचे काम बाबा कीर्तनातून करीत होते; पावसात भिजणाऱ्या वारकऱ्याला तो मोडेपर्यंत थांबायला ते सांगू शकत नव्हते.

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील गाव. अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचे फाटेही येथूनच फुटत. उतारूंची आणि गरीब प्रवाशांची येथे सदैव वर्दळ असे. १९२५ च्या सुमारास बाबांनी येथे गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय अशी कामे उभी केली. नाशिकला गोदावरीच्या काठी धर्मशाळा आणि सदावर्त सुरू झाले. देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना फुटपाथवर झोपावे लागते, हे पाहून त्यांच्यासाठी १९५४ मध्ये धर्मशाळा उभारण्यात आली. खेड्यातला माणूस शहरात उपचारासाठी आला की तो पुन्हा निराधार होतो, ही जाणीव त्यामागे होती.

या सर्व कामांची रीत मात्र एकच होती. गरज कोठे आहे, हे बाबा स्वतः पायी फिरून पाहत. मग कीर्तनातून ती गरज लोकांपुढे मांडीत. ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा द्यावा, ज्याच्याकडे विटा-चुना त्याने तो द्यावा आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने दोन हात द्यावेत. जमलेला निधी बाबा स्वतःजवळ ठेवत नसत. स्थानिक विश्वासू माणसांचे मंडळ नेमले जाई, हिशेब त्यांच्याकडे असे, संस्थेचा कारभारही तेच पाहत. वास्तू पूर्ण झाली की ती विश्वस्तांच्या स्वाधीन होई. बाबा पुढच्या कामाला लागत. आपण बांधलेल्या धर्मशाळेतही त्यांनी आपल्यासाठी खोली ठेवली नाही.

एवढेच नव्हे, तर आपल्या कुटुंबीयांना आणि नातेवाइकांना या संस्थांमध्ये स्थान राहणार नाही, याचीही त्यांनी काळजी घेतली. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाचे घरचे लोक झोपडीत राहत होते. त्यामुळे कोणत्याही गावात गाडगेबाबा पैसे मागत आहेत, अशी शंका कोणाच्या मनाला शिवली नाही. हा विश्वास हेच त्यांचे भांडवल होते.

कुंताबाईंचा वाटा

या विश्वासाची किंमत बाबांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, कुंताबाईंनी मोजली. पती घर सोडून गेला तो परतला नाही. तो हयात आहे, गावोगाव त्याचा जयजयकार होतो आहे, पण घरात दाणा आहे की नाही हे पाहायला तो येत नाही, अशा अवस्थेत त्यांनी मुले वाढवली. संत झालेल्या माणसांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना सहसा दोन ओळी मिळतात. वास्तविक बाबांचे निःस्वार्थीपण टिकले ते कुंताबाईंनी काहीही मागितले नाही म्हणून. विश्वस्तांपुढे त्यांनी कधी हक्क सांगितला असता, तर या सगळ्या संस्थांचा पाया डळमळला असता.

१९२३ च्या मे महिन्यात कोकणात खारेपाटणला बाबांचे कीर्तन चालू असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन पुढे चालू ठेवले. ही घटना महाराष्ट्रात वारंवार सांगितली जाते ती बाबांच्या वैराग्याचा दाखला म्हणून. तिची दुसरी बाजूही आहे. त्याच वेळी वऱ्हाडात एक आई आपल्या मुलासाठी एकटी रडत होती. सार्वजनिक कामाला वाहून घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांनी किती सोसायचे, हा प्रश्न बाबांच्या चरित्राने सोडवलेला नाही. तो तसाच उघडा ठेवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

शिक्षणावर भर

उतारवयात बाबांचा ओढा धर्मशाळांकडून शिक्षणाकडे अधिकाधिक वळत गेला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेविषयी त्यांना विशेष जिव्हाळा होता. रयतने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. जो माणूस शाळेची पायरी चढला नाही, त्याचे नाव महाविद्यालयाला लाभावे, हा योग विलक्षण होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीही त्यांच्या मनात अपार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या निवाऱ्यासाठी उभारलेली वास्तू आता विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील विचार. वास्तूचा उपयोग काळानुसार बदलावा आणि ती ज्याच्या हाती अधिक सत्कारणी लागेल त्याला द्यावी, यात बाबांना काही वावगे वाटले नाही. मालकीची भावनाच नसल्याने देताना हात आखडला नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक सूत्र लाभले. ते वर्ष देशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे होते. त्याच्या आदल्या वर्षी आचार्य विनोबा भावे यांची भूदान यात्रा सुरू झाली होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी केंद्र सरकारने सामुदायिक विकास कार्यक्रम हाती घेतला. श्रमदान, लोकसहभाग, ग्रामसेवक हे शब्द सरकारी कागदपत्रांत रुळू लागले. अमरावती जिल्ह्यातच गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर गावाच्या स्वयंपूर्णतेचा विचार मांडीत होते आणि त्यांची ‘ग्रामगीता’ त्याच दशकात लोकांपुढे आली. दिल्लीतून जे धोरण म्हणून येत होते, ते पूर्णेच्या खोऱ्यात ४०-४५ वर्षांपासून घडत होते. फरक एवढाच की, सरकारी योजना तालुक्याच्या कचेरीतून गावात येई, तर बाबांचे काम गावातल्याच एखाद्या उकिरड्यापासून सुरू होई.

पेढीच्या पुलावर

१९५६ हे वर्ष उजाडले तेव्हा बाबांची प्रकृती खालावली होती. भ्रमंती मात्र थांबली नव्हती. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. बाबांचा आवाज, ती वऱ्हाडी बोली, श्रोत्यांशी चाललेली ती सवाल-जबाबाची लकब आज ऐकायला मिळते ती या मुद्रणामुळे. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच बाबांनी अखेरचा श्वास घेतला. ना मठात, ना घरात. ज्या रस्त्यांवर आयुष्य गेले, त्याच रस्त्यावर त्यांचा अंत झाला.

मरण येईल तेथेच अंत्यसंस्कार करावेत, पुतळा, समाधी किंवा मंदिर उभारू नये, अशी त्यांची इच्छा होती, असे सांगतात. लोकांच्या प्रेमापुढे ती टिकली नाही. अमरावतीत ज्या भागात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथे त्यांचे समाधी मंदिर आहे. पुण्यतिथीला तेथे भाविकांची रीघ लागते. महाराष्ट्रातील अनेक चौकांत हाती खराटा घेतलेले त्यांचे पुतळे उभे आहेत. पायावर डोके ठेवू न देणाऱ्या माणसाच्या मूर्तीपुढे आज सहज माथा टेकता येतो.

नाव आणि काम

बाबांच्या पश्चात त्यांचे नाव अनेक कामांना मिळाले. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. या अभियानाचे वैशिष्ट्य असे की, गावाला आधी अनुदान मिळत नसे. गावाने स्वतःच्या श्रमाने आणि वर्गणीने स्वच्छता करायची आणि मग तालुका, जिल्हा, विभाग व राज्य पातळीवरील स्पर्धेत उतरायचे. बक्षीस मिळाले तर नंतर. हजारो गावांनी खराटे हाती घेतले, गटारे बांधली, भिंती रंगवल्या. बक्षिसाचा फलक लागल्यावर काही गावांत खराटे पुन्हा कोपऱ्यात गेले, ही तक्रारही पुढे ऐकू आली. बाबांच्या काळी बक्षीस नव्हते; केलेल्या कामाची लाज आणि अभिमान दोन्ही गावाचेच होते.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी दरवर्षी सात दिवसांच्या शिबिरांसाठी खेड्यांत मुक्काम करतात. रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात, रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य करतात. दिवसा काम आणि रात्री प्रबोधन हा क्रम बाबांच्या फिरस्तीची आठवण करून देतो. आठव्या दिवशी बस आल्यावर तो खड्डा कोणाचा राहतो, हा प्रश्न प्रत्येक शिबिराने स्वतःला विचारण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांनी खणला आणि गावाने नुसता पाहिला असेल, तर पुढच्या पावसाळ्यात तो बुजलेला दिसेल. गावातली चार माणसे त्यात उतरली असतील, तर तो टिकेल. ऋणमोचनच्या काठी १९०८ मध्ये याहून वेगळे काही घडले नव्हते.

मुंबईतील दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. त्यांतले कित्येक महाराष्ट्राबाहेरचे असतात आणि गाडगेबाबा कोण, हेही त्यांना ठाऊक नसते. रात्री निजायला जागा मिळाली, एवढे त्यांना कळते.

वऱ्हाडात पुन्हा पौष येईल, ऋणमोचनच्या घाटावर गर्दी होईल. पायऱ्या उतरताना कोणी म्हातारी सुनेचा हात न धरता सावकाश पाण्यापर्यंत जाईल. यात्रा संपल्यावर घाटावर नारळाच्या शेंड्या, पत्रावळी आणि कागद पडलेले असतील. ते झाडायला त्या सायंकाळी खराटा कोण उचलते, यावर बाबांचे काम गावाकडे आहे की नाही, ते ठरेल.